बाराच्या भोंग्याची बाजू

ॲल्डर फेरी या नदीकाठच्या गावात दुपारी बाराला अग्निशमन केंद्राच्या छपरावरचा भोंगा वाजायचा. तो वाजला की नदीपलीकडची कुत्री ओरडायला लागायची, शाळेतली पोरं जेवणाच्या रांगेकडे पळायची, आणि डिओलिंडा फुर्ताडो हातातलं काम टाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तर ती घड्याळालाच बोल लावायची. भोंगा कधी चुकला असं तिने एकाहत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं.

पूर्वी हाच भोंगा रात्री-अपरात्री वाजून गावातल्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांना बोलवायचा. लाकूड कापायची सॉ मिल चालू होती तेव्हा महिन्यातून दोनदा तरी कुठे ना कुठे पेटायचंच. डिओलिंडाचा नवरा एर्नी एकतीस वर्षं त्या स्वयंसेवकांत होता. आता सगळ्यांच्या खिशात फोन आले, निरोप फोनवर जायला लागला आणि भोंग्याकडे फक्त बारा वाजवायचं काम उरलं. मग गावात नवीन राहायला आलेल्या काहींनी तक्रार केली, नगर परिषदेत त्यावर तीन बैठका झाल्या, दोन सदस्य एकीकडे आणि दोन दुसरीकडे. पाचवा म्हणाला, माझ्या डोक्याला ताप नको, लोकांनाच विचारा. अशा रीतीने नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर, नगराध्यक्ष आणि शाळेच्या कर्जाच्या खाली, प्रस्ताव 'के' आला. शहरात रोज दुपारी बाराला वाजणारा भोंगा कायमचा बंद करावा का? हो किंवा नाही.

डिओलिंडाला सगळे डी म्हणत. ऑगस्टमध्ये ती पाण्याचं बिल भरायला नगरपालिकेत गेली तेव्हा तिथली कारकून पॉलेट सहज बोलून गेली, "मतदारांच्या पुस्तिकेत प्रस्तावाच्या बाजूने लिहिलेलं आलंय. विरोधात कुणी काही दिलंच नाही. शुक्रवारपर्यंत आलं नाही तर ते पान कोरंच जाईल."

"कोरं कसं जाईल? सगळं गाव विरोधात बोलतंय की!"

"बोलतंय हो, मिसेस फुर्ताडो. लिहीत कुणी नाही."

डीने शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढली होती. वाणसामानाच्या यादीपलीकडे तिने फारसं कधी लिहिलं नव्हतं. पण कोरं पान तिला बघवेना. घरी येऊन ती बसली, आणि तीनशे शब्दांची मर्यादा असल्यामुळे प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने टिंब देत देत तिने लिहिलं. भोंगा वाजला की माझा नवरा ताटावरून उठायचा, असं तिने लिहिलं. कधी आंघोळीतून उठायचा, एकदा तर स्वतःच्या मुलीच्या लग्नातून उठला. तो जाऊन सहा वर्षं झाली. या गावात कुणीतरी हाक मारली की कुणीतरी धावायचं, ही गोष्ट रोज एकदा आठवायला आपल्याला एक मिनिट जड झालं का? खाली तिने सही केली.

हे पॉलेटला दिल्यावर आठवड्याने तिला दुसऱ्या बाजूचं लिखाण मिळालं. नियम असा होता की दोघांनी एकमेकांचं वाचून उत्तर द्यायचं. डीची खात्री होती की ते शहरातून आलेल्या कुणा योगासनवाल्या बाईने लिहिलं असणार. कागद उलटून तिने सही बघितली. रोलंड कीच.

रोलंड कीच! एर्नीचा जोडीदार. पाण्याची नळी एर्नीच्या हातात असली तर मागे रोलंड असायचाच. दोन्ही घरांची नाताळची जेवणं वीस वर्षं एकत्र झाली होती. गेली दोन-अडीच वर्षं मात्र तो आणि त्याची बायको व्हर्ना कुठेच दिसत नव्हते. अग्निशमन केंद्राच्या हॉलमधल्या जेवणालाही येईनात. व्हर्नाचं कंबरेचं दुखणं आहे, एवढंच तो म्हणायचा. डीने दोनदा फोन केला, त्याने दोन्ही वेळा घाईत ठेवला, आणि मग तिनेही नाद सोडला होता. आणि आता हा लिहितोय की भोंगा कालबाह्य आहे, आजारी माणसांना आणि रात्रपाळी करणाऱ्यांना त्रास होतो, आधुनिक शहराला त्याची गरज नाही. एखाद्या विम्याच्या पत्रकासारखं कोरडं.

डीला इतका राग आला की उत्तर लिहिताना तिला शब्द मोजावेच लागले नाहीत. 'जो माणूस भोंगा ऐकून अनवाणी धावायचा, त्याची आता त्याच भोंग्याने झोपमोड होते म्हणे. रोलंड, भर दुपारी बाराला झोपायचं वय झालं असेल तर कानात कापूस घाल. गावाची बोलती कशाला बंद करतोस?'

पॉलेटने ते वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "एवढं तिखट राहू द्यायचं?"

"राहू दे. अठ्ठावीस वर्षं सरकारी नियमाने अळणी रांधलंय मी."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मतपत्रिका आणि पुस्तिका घरोघरी टपालाने आल्या. डी एकदम गावातली मोठी असामी झाली. हार्डवेअरच्या दुकानात माणसं तिला थांबवून हात मिळवत. बेकरीवाल्याने तर तिचं पान कापून काउंटरला चिकटवलं. 'कानात कापूस' हे तर पोरांच्याही तोंडी झालं. फक्त तिची नणंद ॲडेलाइन फोनवर म्हणाली, "लिहिलंस झकास. पण एर्नी असता तर ते रोलंडचं वाक्य त्याने ठेवू दिलं नसतं."

"एर्नी असता तर रोलंडला त्यानेच सुनावलं असतं."

"सुनावलं असतं. घरी जाऊन. छापून नाही."

डीने फोन ठेवला. ॲडेलाइनला जन्मात कधी नव्हे ते खरं बोलायला आजच सुचावं याचा तिला वैताग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंडी आणि लिंबाची साल घालून गोड पाव केला, फडक्यात गुंडाळला आणि कीचांच्या घराकडे निघाली. माफी मागायची नाही, असं तिने वाटेत ठरवलं होतं. नुसता पाव द्यायचा. रोलंड शहाणा असेल तर समजेल.

दार उघडायला त्याला फार वेळ लागला. उघडलं तेही वीतभरच. दाढी वाढलेली, शर्टाला एक बटण नाही. डीच्या हातातल्या फडक्याकडे बघून तो म्हणाला, "आज नको, डी. उद्या ये. नाहीतर मीच येतो."

"पाव गरम आहे, रोलंड. मी काय तुझ्या घरात राहायला आले नाहीये."

"किती वाजले?" त्याने एकदम विचारलं, आणि तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

केंद्र तिथून दोनच गल्ल्या लांब होतं. आवाज भिंतींतून आत यायचा. रोलंड दार तसंच टाकून आत धावला. उघड्या दारातून डीला दिसलं की व्हर्ना खुर्चीतून उठून खिडकीशी गेली आहे. केस मोकळे, पायांत दोन वेगवेगळे मोजे. ही तीच व्हर्ना, शाळेच्या कचेरीत बसून चारशे पोरांची नावं, त्यांच्या आया आणि त्यांचे लसीचे दिवस तोंडपाठ ठेवणारी. पडदा मुठीत धरून ती रस्त्याकडे बघत होती.

"गेला," ती म्हणाली. "जेवला पण नाही."

"मी इथे आहे, व्हर्ना," रोलंड तिच्या शेजारी उभा राहून म्हणाला. "मी कुठेही गेलो नाही. बघ माझ्याकडे."

तिने बघितलं. बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणे. "माझा नवरा आगीवर गेलाय," ती त्याला म्हणाली. "तुम्ही बसा हवं तर."

डी पाव हातात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. त्या खिडकीची तिला ओळख करून द्यायची गरज नव्हती. एकतीस वर्षं तीही तशीच एका खिडकीशी उभी राहिली होती. भोंगा वाजला की नवरे जायचे, आणि बायका ते परत येईपर्यंत एकही काम धड करू शकायच्या नाहीत. फरक एवढाच की डीचा नवरा तासा-दोन तासांनी धुराचा वास घेऊन परत यायचा आणि तिची सुटका व्हायची.

"किती वेळ चालतं हे?" तिने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. कधी अंधार पडेपर्यंत. जेवत नाही, बसत नाही. मग दमून झोपते, आणि उद्या परत बारा वाजतात." त्याने नळ सोडला आणि उगाच हात धुतले. "गाडीत घालून गावाबाहेर नेलं, तर चालत्या गाडीचं दार उघडायला गेली. कानावर ते हेडफोन लावले, फेकून दिले. कापूससुद्धा घालून बघितला, डी."

डीने मान खाली घातली.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"हजार-दीड हजार घरांत छापून जातं ते. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं. मला असं कुणाला बघू देऊ नकोस म्हणाली. तिने सगळ्या गावाची पोरं सांभाळलीत. त्यांनी तिची कीव करावी हे तिला नको होतं." तो थांबला. "आता तू बघितलंस. बोलू नकोस कुठे."

"नाही बोलणार."

"ॲडेलाइनलाही नाही."

"तिला तर मरेपर्यंत नाही."

डी तिथून थेट नगरपालिकेत गेली. आपण लिहिलेलं मागे घेता येईल का, असं तिने पॉलेटला विचारलं. पॉलेटला आधी वाटलं ही थट्टा करतेय. मग ती म्हणाली, "ऑगस्टच्या मुदतीपर्यंत घेता येत होतं, मिसेस फुर्ताडो. आता ते घरोघरी पोचलंय. मी काय प्रत्येकाच्या टपालपेटीत हात घालू?"

त्या संध्याकाळी डीने स्वयंपाकघराच्या टेबलावर मतपत्रिका पसरली. काळं पेन घेतलं. नगराध्यक्षाच्या नावापुढची लंबगोल जागा भरली, शाळेच्या कर्जाला हो केलं, बंदराच्या मंडळावरच्या दोन माणसांपैकी कमी बोलणारा निवडला. प्रस्ताव 'के'पाशी येऊन पेन थांबलं. भोंगा बंद झाला तर दुपारी बाराला एर्नीची आठवण कोण करून देणार, हा विचार तिला सोडेना. तो आपणहून आठवेल, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला खात्री नव्हती. गेल्या वर्षात त्याचा आवाज तिला नीट आठवेनासा झाला होता, आणि हे तिनेही कुणाला सांगितलेलं नव्हतं. पण व्हर्नाचे ते दोन वेगळे मोजे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिने 'हो' समोरची जागा भरली. कागदाला भोक पडेल इतकी दाबून भरली.

नगरपालिकेबाहेरच्या मतपेटीत पाकीट टाकायला ती गेली तेव्हा बेकरीवाला तिथेच भेटला. "डी! आमच्या घरची चारही मतं 'नाही'ला. तुझं वाचूनच."

"मी 'हो' केलंय," डी म्हणाली.

तो पोट धरून हसला. तिने परत सांगितल्यावर हसायचा थांबला. "अगं, मग लिहिलंस कशाला?"

"तेव्हा तसं वाटत होतं. आता नाही वाटत. माझं ऐकशील तर तूही बदल."

"आमची पाकिटं कालच टाकली. पण झालं काय एवढं?"

याचं उत्तर डीकडे होतं, पण ते तिचं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत ती मिळेल त्याला सांगत फिरली की भोंगा बंद करा, आणि प्रत्येकाने का म्हणून विचारलं, आणि प्रत्येकापुढे तिने विषय बदलला. आजारी माणसांना त्रास होतो, असं एकदा म्हणून बघितलं. रोलंडचंच ते कोरडं वाक्य तिच्या तोंडून आणखी कोरडं निघालं. कोण आजारी, असा लगेच पुढचा प्रश्न आला. काहींना वाटलं तिला कुणीतरी धमकावलं. ॲडेलाइनने तर महिनाभर बोलणं टाकलं. "एर्नीच्या नावावर लिहिलंस आणि एर्नीच्याच विरोधात मत दिलंस," एवढं बोलून तिने फोन आपटला.

मोजणी संपायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. उशिरा आलेली पाकिटं, न जुळणाऱ्या सह्या, असं करत करत आकडा रोज हलत होता. शेवटी पॉलेटचाच फोन आला. प्रस्ताव 'के' पडला होता. एक्केचाळीस मतांनी. भोंगा राहणार.

"तुमच्या त्या पानाने केलं हे," पॉलेट म्हणाली. "अभिनंदन करू की नको, मला कळत नाहीये."

डीने पावणेबाराला कोट चढवला. बाहेर बारीक पाऊस लागला होता. कीचांच्या दारात रोलंडने तिला बघितलं आणि या वेळी दार पूर्ण उघडलं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "त्यातली चार तर बेकरीचीच. आणखी किती माझ्यामुळे, देव जाणे."

"तू 'हो' केलंस असं ऐकलं."

"एका मताने काय होतंय?"

"मला बरं वाटलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "दोन वर्षांनी परत प्रस्ताव आणता येतो म्हणे. पण दोन वर्षं आमच्याकडे नाहीत."

पुढे काही बोलायच्या आत भोंगा वाजला. व्हर्ना उठली, खिडकीशी गेली, पडदा मुठीत धरला. रोलंड सवयीने तिच्याकडे निघाला. डी त्याच्या आधी पोचली आणि व्हर्नाच्या शेजारी, खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. काय करायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

व्हर्नाने वळून बघितलं. ओळखलं की नाही कळायला मार्ग नव्हता. "तुझाही गेला?" तिने विचारलं.

"गेला," डी म्हणाली.

"माझाही. ताटावरून उठला."

"त्यांचं नेहमीचंच आहे ते. बस जरा. उभं राहून काय लवकर येणार आहेत?"

आणि व्हर्ना बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा भोंग्यानंतर ती बसली, हे रोलंडने नंतर सांगितलं. त्या क्षणी तो खोलीच्या मध्यभागी नुसता उभा होता, हात लोंबत सोडून. डीने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"तू बाहेर जा."

"कुठे?"

"कुठेही. मागच्या दाराने जा आणि अर्ध्या तासाने पुढच्या दाराने ये. अरे, तू इथे तिच्या नाकासमोर उभा राहिलास तर ती कुणाची वाट बघणार? जो गेला तोच परत यायला हवा ना?"

"पाऊस आहे, डी."

"मग तर उत्तम. भिजून ये."

रोलंडने खुंटीवरचा जुना कोट काढला आणि मागच्या दाराने गेला. डी परत खिडकीशी येऊन बसली. दोघी बोलल्या थोडंच. व्हर्ना मध्येच म्हणाली की धूर दिसत नाही, म्हणजे मोठी आग नसावी. डी म्हणाली, हो, मोठी असती तर वास आला असता. कित्येक वर्षांपूर्वी याच शब्दांत त्या फोनवर एकमेकींना धीर द्यायच्या, हे तिला बोलल्यावर आठवलं.

पुढचं दार वाजलं. रोलंड आत आला. केस कपाळाला चिकटलेले, कोटातून पाणी गळत होतं, आणि सत्तरीतला तो धिप्पाड माणूस नाटकात पहिल्यांदा उभ्या केलेल्या पोरासारखा बावचळलेला होता. व्हर्ना त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली.

"उशीर केलास," व्हर्ना म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "धुराडं पेटलं होतं. खालच्या रस्त्यावर. विझलं."

"कुणाला लागलं?"

"कुणालाच नाही."

"मग बूट दारात काढ. लादी आत्ताच पुसलीय." ती उठून टेबलाशी गेली आणि समोर ठेवलेलं गार झालेलं सूप प्यायला लागली. दोन घोट झाल्यावर तिने डीकडे बघितलं. चेहऱ्यावर खरी काळजी होती. "आणि तुझा? तुझा नाही आला अजून?"

रोलंडने मान वळवली.

"माझ्याला वेळ लागतो," डी म्हणाली. "तो सगळ्यात शेवटी येतो. नळ्या गुंडाळल्याशिवाय निघत नाही तो तिथून."

"हो, एर्नी तसाच," व्हर्ना म्हणाली आणि चमचा परत सूपमध्ये बुडवला.

तेव्हापासून डी रोज पावणेबाराला कीचांकडे जायला लागली. रोजच जमायचं असं नाही. कधी व्हर्ना रोलंडला दारातूनच हाकलायची, कधी अर्ध्या तासाच्या जागी त्याला दोन तास गॅरेजमध्ये बसावं लागायचं. एकदा तर तो कुठली आग सांगायची ते विसरला आणि डीने घाईघाईने गवताची गंजी पेटवून दिली. पण बहुतेक दिवस व्हर्ना दुपारी जेवायची. बेकरीवाला एक दिवस डीला म्हणाला, "तू आणि रोलंड रोज भेटता म्हणे. कळलं आता मत का बदललं ते." डीने त्याला तसंच समजू दिलं. ॲडेलाइनपर्यंत ती बातमी पोचली तेव्हा ती पुन्हा बोलायला लागली, कारण न बोलता तिला पुढचं कळलं नसतं.

मार्चमध्ये एका दुपारी भोंगा वाजला आणि व्हर्ना उठली नाही. ती हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती, तशीच घालत राहिली. भोंगा पूर्ण मिनिटभर वाजून थांबला.

"ऐकलंच नाही तिने," रोलंड म्हणाला.

याच दिवसासाठी त्याने प्रस्तावाच्या बाजूने लिहिलं होतं, आणि आता तो मताशिवायच आला होता. रोलंड उठला, खुंटीवरचा कोट घातला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. डी व्हर्नाशेजारी बसली आणि टोपलीतला एक रुमाल घेऊन तीही घड्या घालायला लागली.